कोणता कागद कशाचा? : इतिहासाचार्य राजवाडे

आमच्या प्रोजेक्टचा दुसरा रिव्ह्यू झाला त्या रात्री आमच्या खोलीतलं कुणीही जेवायला गेलं नाही. मेसमध्ये त्या दिवशी पाटोडी-रस्सा होता, तरीसुद्धा! यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

प्रोजेक्ट तसा साधाच. शेतातल्या थ्री-फेज मोटारीसाठी ऑटो स्टार्टर. तिन्ही फेज आल्या का, व्होल्टेज पुरेसं आहे का, हे तपासायचं आणि मगच मोटार सुरू करायची. शेतीच्या लाइनला रात्रीची पाळी असली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी अंधारात, विंचूकाट्यातून विहिरीवर जातो. त्याची ती एक फेरी वाचावी, एवढाच आमचा हेतू. माझ्या रूममेटचं शेत दारव्हा तालुक्यात आहे, म्हणून रीडिंग घ्यायचं काम त्याच्याकडे. एकजण सर्किट बघणार, एकजण प्रोग्रॅम लिहिणार आणि रिपोर्ट माझ्याकडे.

कामं वाटून घ्यायला आम्ही मोठ्या कंपन्यांसारखं एक प्रोजेक्ट सॉफ्टवेअरही घेतलं होतं. त्यात एकेचाळीस कामं, प्रत्येकाला नंबर, काम झालं की टिक. कागदपत्रं मात्र दुसरीकडे, एका ड्राइव्हमध्ये. तिथे फायनल, फायनल दोन, लेटेस्ट फायनल, सरांना दाखवायचं फायनल अशा नावांच्या फायली. म्हणजे काम एका गावात, कागद दुसऱ्या गावात, आणि मधे रस्ताच नाही!

रिव्ह्यूला सरांनी एकच प्रश्न विचारला. कमी व्होल्टेजला मोटार बंद करायची मर्यादा आधी ३४० होती, ती तुम्ही ३६० केली. कोणत्या रीडिंगवरून केली? रूममेटने कागद काढून दाखवला. आकडे होते, पण तारीख नव्हती. पहिल्या सर्किटवरचे की दुसऱ्या, तेही लिहिलेलं नव्हतं. सर शांतपणे म्हणाले की असा कागद हॉस्टेलच्या खोलीत बसूनही तयार करता येतो. झालं! नोव्हेंबरच्या थंडीत बांधावर बसून, एका हातात टॉर्च अन् दुसऱ्या हातात मल्टिमीटर धरून ज्याने रीडिंग घेतली, तो पोरगा खाली मान घालून उभा राहिला. तो खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं. पण माझ्या माहीत असण्याला तिथे किंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत बसून आम्ही दबक्या आवाजात भांडत होतो. तारीख कोणी टाकायची होती, फाईल कोणी चढवायची होती, तू का नाही विचारलंस, वगैरे. लायब्ररीतले काका बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी मराठीच्या कपाटातून राजवाड्यांवरचं एक पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं. तुमचे कागद तीन महिन्यांत अनाथ झाले, याने दीडशे वर्षांपूर्वीचे अनाथ कागद आपापल्या घरी पोचवले, वाचा जरा, असं म्हणून ते निघून गेले.

मी आधी नाइलाजाने वाचायला घेतलं, मग आवडीने वाचलं आणि मग मिळेल तिथून आणखी वाचलं. त्यातून मला जे राजवाडे समजले ते इथे सांगतो.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसई गावचा. वडील लहानपणीच गेले. थोरले बंधू वैजनाथ हे पुढे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले. विश्वनाथांचं डोकंही तसंच तल्लख, पण सरळ रेघेत चालणारं नव्हे. परीक्षेपुरतं वाचणं त्यांना जमलंच नाही. अभ्यासक्रम बाजूला ठेवून ते लायब्ररीतली भलतीच पुस्तकं वाचत बसायचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. व्हायला १८९० साल उजाडलं. तेव्हा वय सत्तावीस. आपल्यातल्या बॅकलॉगवाल्यांनी हे वाचून खूश व्हायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नये. कारण या गृहस्थाने त्या वर्षांत जे वाचलं ते कोणत्याच परीक्षेत मावणारं नव्हतं.

पदवीनंतर काही काळ त्यांनी पुण्यात शाळामास्तरकी केली. ती सोडली. पत्नी तरुण वयातच वारली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, आणि पुढे नोकरीच्या वाटेलाही ते फारसे गेले नाहीत. जगातलं चांगलं ज्ञान मराठीत आलं पाहिजे म्हणून १८९४ साली ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं. प्लेटोसारख्यांचे ग्रंथ त्यातून मराठीत आणायला सुरुवात केली. ते मासिकही फार वर्षं चाललं नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही आपलं लिखाण मराठीतच करायचं हा त्यांचा निश्चय होता, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. इंग्रजीत लिहिलं असतं तर त्या काळात मान आणि पैसा दोन्ही जास्त मिळाले असते, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे!

म्हणजे तिशी उलटली तरी लौकिक अर्थाने या माणसाचं काहीच धड झालेलं नव्हतं. अशा वेळी त्यांच्या हाती वाईला जुन्या कागदांचा एक मोठा साठा आला. मोडीत लिहिलेली पत्रं. काळ सुमारे १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतच्या आधीची दहा-अकरा वर्षं.

इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्या मोहिमेत नेमकं काय आणि का घडलं, हे कळायला त्या काळी मराठीत मुख्य आधार बखरींचा होता. बखर म्हणजे नंतर, ऐकीव माहितीवर, रंगवून सांगितलेली हकीकत. वाचायला झकास, पण तारखा, आकडे, कोण कुठे होतं याचा भरवसा नाही. पत्राचं तसं नसतं. पत्र हे प्रत्यक्ष काम चालू असताना, त्या कामासाठीच लिहिलेलं असतं.

आणि ही पत्रं कसली होती? त्यांत सदाशिवरावभाऊंनी अंतर्वेदीतल्या गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रं होती. यमुनेवर पूल बांधायचा आहे, नावा जमवा. पैसा पाठवा. धान्याची सोय करा. शत्रूची रसद तोडा. अशा स्वरूपाचा तगादा. वाचताना मला हसूही आलं आणि पोटात गोळाही आला. हे तर आपलेच टास्क! काम, कोणाकडे, कधीपर्यंत. फरक एवढाच की आपल्याकडे काम राहिलं तर मार्क जातात, तिथे फौज उपाशी राहिली.

आता खरी अडचण ऐका. त्या काळच्या पत्रांवर तारीख असते, पण बहुतेक वेळा अर्धीच. ‘छ’ हे अक्षर, पुढे मुसलमानी महिन्यातला चंद्र, म्हणजे दिवस, आणि महिन्याचं नाव. साल लिहिलंच तर ते सुहूर सन, तेही अरबी शब्दांत. उदाहरणार्थ, इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, बेरीज ११६१. हे साल मृगाला, म्हणजे जूनमध्ये सुरू होतं. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढच्या जानेवारीपासून ६०० मिळवले की इसवी सन निघतो, १७६०-६१. पण रोजच्या पत्रव्यवहारात हे साल गाळलेलंच जास्त. का? कारण लिहिणाऱ्याला माहीत होतं, वाचणाऱ्याला माहीत होतं. तिसरा कोणी दीडशे वर्षांनी वाचील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्या रूममेटने तारीख का टाकली नाही? अगदी याच कारणाने! त्याला माहीत होतं.

मग साल काढायचं कसं? हा भाग इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेल. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे मुसलमानी महिने ऋतूंमधून मागे मागे सरकत जातात, आणि सुमारे तेहेतीस वर्षांनी फिरून जागेवर येतात. पानिपतची लढाई जमादिलाखर महिन्यात झाली, जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १७५१ साली, हाच जमादिलाखर एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला होता, भर उन्हाळ्यात. म्हणजे साल नसलेल्या पत्रात महिना जमादिलाखर आणि मजकुरात थंडीचा उल्लेख असेल, तर ते १७५१ चं असू शकत नाही. मग त्यात आणखी काय आहे ते पाहायचं. नदीला पूर आहे का? अमुक सरदार जिवंत आहे की मेला? अमुक ठाणं घेतलं की घ्यायचं आहे? असे एकेक दुवे जोडत जायचं. हे पत्र याच्या आधीचं असू शकत नाही, त्याच्या नंतरचं असू शकत नाही, असं दोन्ही बाजूंनी आवळत आणायचं. शेवटी ते एका महिन्यावर, कधी एका दिवसावर येऊन बसतं.

राजवाड्यांनी ही पत्रं वाचली, त्यांच्या तारखा बसवल्या, त्यांना क्रमांक दिले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने पहिला खंड छापला. त्याला भलीमोठी प्रस्तावना जोडली आणि तीत बखरींमधला मजकूर या पत्रांशी ताडून बघितला. कुठे जुळतो, कुठे जुळत नाही, आणि बखरकाराने कुठे नुसतंच ठोकून दिलं आहे, हे उघड झालं.

तारखेचा एवढा अट्टाहास कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. एक उदाहरण घ्या. भाऊ मार्च १७६० मध्ये आपल्या मराठवाड्यातल्या परतूरहून निघाले आणि यमुनेपर्यंत पोचले तेव्हा पावसाळा आलेला होता. नदी फुगली होती. आता नावा जमवण्याचं एखादं पत्र पुराच्या आधीचं आहे की नंतरचं? आधीचं असेल तर बुंदेल्यांकडे वेळ होता, मग दिरंगाई झाली असं म्हणता येईल. नंतरचं असेल तर नदीपुढे कोणाचं काय चालणार? गोविंदपंत त्याच मोहिमेत, डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. स्वतःची बाजू मांडायला ते पानिपतनंतर उरलेच नव्हते. त्यांच्यावर ठपका ठेवायचा की नाही, हे कागदावरच्या तारखेवर अवलंबून. मेलेल्या माणसाचा न्याय म्हणजे त्याचे कागद, आणि त्या कागदांवरच्या खुणा.

इथपर्यंत वाचलं आणि मला आमचा रिव्ह्यू आठवला. मान खाली घालून उभा असलेला रूममेट आठवला.

पहिल्या खंडानंतर राजवाडे थांबले नाहीत. गावोगाव फिरायचं, जुन्या घराण्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, माळ्यावरचे रुमाल सोडून दाखवा म्हणायचं. जुने कागद बांधून ठेवलेल्या गाठोड्याला रुमाल म्हणतात, बरं का. लोक सहजी दाखवत नसत. काहींना वाटायचं, जमिनीचा काहीतरी घोळ निघेल. काहींना वाटायचं, यात गुप्तधनाचा पत्ता असेल. काही ठिकाणी वाळवीने आधीच निकाल लावलेला, काही ठिकाणी वाण्याच्या पुड्यांना कागद गेलेले. अपमान व्हायचे, हेलपाटे व्हायचे. हाताने स्वयंपाक करायचा, मिळेल तिथे पथारी टाकायची. पाठीशी ना सरकार ना विद्यापीठ. या खटाटोपातून ‘साधनां’चे एकूण बावीस खंड झाले. एक माणूस, बावीस खंड! आपण चौघांत एक ऐंशी पानांचा रिपोर्ट करतो आणि ढेकर देतो.

या खंडांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती एक अगदी साधी गोष्ट. प्रत्येक कागदाला लेखांक आहे. आजही इतिहासाचा अभ्यासक काही विधान करतो तेव्हा खाली राजवाडे खंड अमुक, लेखांक तमुक असा हवाला देतो. म्हणजे विधानापासून कागदापर्यंत जायला सरळ रस्ता. आणि कागद कोणत्या घराण्यातून आला याचाही माग ठेवलेला. काही खंड तर घराण्यांप्रमाणेच लावलेले आहेत. कागद कोणाचा, केव्हाचा, कशासंबंधीचा : ही तीन उत्तरं कागदाला चिकटलेली असली की तो पुरावा होतो. ती सुटली की तोच कागद रद्दी. शाई तीच, अक्षर तेच, पण रद्दी.

एकट्याने हे पुरं होणार नाही हेही त्यांना कळत होतं. ७ जुलै १९१० रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासोबत त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. कागद जमवायचे, जपायचे, त्यांवर चर्चा करायची आणि छापायचं, यासाठी एक जागा झाली. हे मंडळ आजही पुण्यात आहे. इतिहासाइतकंच त्यांचं भाषेवरही प्रेम. १९०९ साली त्यांनी एका जुन्या हस्तलिखितावरून ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या जुन्या मराठीच्या व्याकरणावर लिहिलं. पुढे शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीचं ‘राधामाधवविलासचंपू’ आणि उत्तर कोकणच्या इतिहासाची ‘महिकावतीची बखर’ संपादून काढली. महानुभावांच्या पोथ्या ज्या सांकेतिक लिपीत होत्या तिची उकल करण्यातही त्यांनी डोकं घातलं. आजच्या भाषेत सांगायचं तर कोड फोडला.

पण राजवाड्यांचा नुसता आरतीचा लेख करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. माणूस विलक्षण तापट. पटलं नाही की संस्था असो, मित्र असो, तोडून मोकळा. स्वतः काढलेल्या मंडळातही ते रमले नाहीत, आणि अखेरची वर्षं त्यांनी धुळ्याला काढली. दुसरा दोष याहून मोठा. दुसऱ्याकडे पुरावा मागणारा हा माणूस स्वतःच्या आवडत्या मताच्या बाबतीत पुराव्याच्या पुढे धावायचा. शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना तर त्यांची गाडी कधी कधी पार रूळ सोडून जायची. जातींबद्दल त्यांनी लिहिलेलं पुष्कळसं एकांगी आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयी त्यांनी जो मजकूर छापला त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून सडेतोड उत्तर दिलं. कागद हातात असला तरी त्यावरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, यावर संपादकाचा राग-लोभ पडू शकतो, हे यातून दिसतं.

मला मात्र यातही एक गोष्ट शिकण्यासारखी वाटली. राजवाड्यांची मतं आज आपण नाकारू शकतो ते कशाच्या बळावर? पुष्कळदा त्यांनीच छापलेल्या, क्रमांक घातलेल्या कागदांच्या बळावर. मत चुकलं तरी कागदाची वाट त्यांनी उघडी ठेवली. मागून येणाऱ्याला त्याच वाटेने जाऊन त्यांची चूक काढता येते. नुसतं मत सांगून जाणारा माणूस चुकला तर त्याच्याबरोबर सगळंच बुडतं.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्याला राजवाडे वारले. वय त्रेसष्ट. मागे मुलंबाळं नाहीत, इस्टेट नाही. होते ते कागदांचे ढीग, टिपणं आणि अर्धवट राहिलेले ग्रंथ. धुळ्याच्या मंडळींनी ते वाऱ्यावर सोडले नाहीत. १९२७ साली तिथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालं आणि त्यांचं अप्रकाशित काम हळूहळू बाहेर आलं.

असं वेड फक्त पुण्या-धुळ्याकडचं, असं समजू नका. आपल्या यवतमाळातच डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी शारदाश्रम उभा केला, जुन्या पोथ्या-कागद जमवले, महानुभावांच्या वाङ्मयावर मोलाचं काम केलं. इथल्या हॉस्टेलात चार वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं, याची लाज वाटली.

आता आमच्या कागदाचं काय झालं ते सांगतो.

पुस्तक संपवलं त्या रात्री मी रूममेटचा तो रीडिंगचा कागद पुन्हा हातात घेतला आणि, एवढ्या दिवसांत प्रथमच, उलटून पाहिला. मागच्या बाजूला त्याच्या वडिलांच्या हातचा कापूस वेचणीचा हिशेब होता. नऊ बायांची वेचणी, किलोचे आकडे, मजुरी. बांधावर दुसरा कागद नव्हता म्हणून त्याने रात्री त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूला रीडिंग उतरवली होती. त्याच्या घरी फोन केला. वडिलांच्या वहीत तोच हिशेब नंतर उतरवलेला होता, तारखेसह. दुसरा वेचा. आकडे एकेक करून जुळवले, नऊच्या नऊ जुळले. म्हणजे रीडिंग त्या तारखेच्या आधीची असू शकत नाहीत. दुसऱ्या सर्किटचं सामान आम्ही दत्त चौकाकडच्या दुकानातून आणलं होतं, त्याचं बिल सापडलं. ते या हिशेबाच्या सहा दिवस आधीचं, आणि तेव्हापासून शेतात दुसरंच सर्किट होतं. आणि त्या कागदाचा फोटो ड्राइव्हवर चढला होता हिशेबाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे त्यानंतरचीही असू शकत नाहीत. दोन्ही बाजूंनी आवळलं तर मधे एकच रात्र उरली.

सगळं मांडून सरांकडे नेलं. त्यांनी हिशेबाची बाजू बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, एका रात्रीची रीडिंग पुन्हा घेऊन या, पद्धत तीच ठेवा. आम्ही चौघेही गेलो. आकडे जुळले. सरांनी रूममेटला जवळ बोलावून, आपला समज चुकला असं सर्वांसमोर सांगितलं. त्याने काही उत्तर दिलं नाही, पण त्या संध्याकाळी मेसमध्ये त्याने माझ्याही वाटणीची भाकर खाल्ली.

पण हिशेब करा. एवढ्या शोधाला आमचे चार दिवस गेले. शेतात त्या रात्री कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि कामाचा नंबर लिहायला किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट. राजवाड्यांनी आख्खं आयुष्य घातलं, कारण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हजारो लोकांनी असं अर्धं मिनिट वाचवलं होतं. त्या लोकांना दोष देता येत नाही. आपल्याला मात्र देता येईल, कारण आपल्या हातात साधनं आहेत. जिरा घ्या, रेडमाइन घ्या, प्रत्येक कामाला नंबर मिळतोच. कागद, फोटो, बिल त्या कामाला तिथेच जोडता येतं. कोड गिटमध्ये टाकताना संदेशात तो नंबर लिहिला तर कामापासून कोडपर्यंत आणि कोडपासून कामापर्यंत दोन्हीकडून जाता येतं. सोय सगळी आहे. पण जोडायचं माणसालाच पडतं, आणि तेही काम हातात असतानाच.

गंमत म्हणजे ही पद्धत आपल्या घरी आधीपासून आहे. घरचा सातबारा काढून बघा. खातेदाराच्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना सहा उघडला की हे नाव इथे कसं आलं, वारसाने की खरेदीने, ते कळतं. आमच्या आजोबांना लिंक हा शब्द माहीत नव्हता, पण फेरफाराचा नंबर तोंडपाठ होता. आम्हा इंजिनिअरांनाच तो धडा लायब्ररीतल्या काकांकडून घ्यावा लागला.

उरलेल्या प्रोजेक्टसाठी आम्ही तीन नियम केले, ते ज्युनिअर्ससाठी देऊन ठेवतो. एक, कामाचा नंबर नसलेली फाईल ड्राइव्हवर चढवायची नाही. दोन, फाईलच्या नावात फायनल हा शब्द येऊ द्यायचा नाही, तारीख घालायची. तीन, कागद न जोडता कामावर टिक करायची नाही. तिसरा नियम आम्ही दोनदा मोडला, तेही कबूल करतो.

प्रोजेक्ट झाला, सबमिशन झालं. रूममेटचा तो दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद आम्ही रिपोर्टच्या शेवटी परिशिष्टात लावला आहे. पुढे व्होल्टेजचे आकडे, मागे नऊ बायांची वेचणी. वरच्या कोपऱ्यात आता कामाचा नंबर आणि तारीख आहे. पुढच्या बॅचच्या कुणाला आमची ३६० व्होल्टची मर्यादा चुकीची वाटली तर त्याने खुशाल तो कागद काढावा आणि आमची चूक दाखवावी.

(अंतिम वर्ष, इलेक्ट्रिकल)